थिजलेला लॅपटॉप आणि मामाची वही

मामा फोनवर हॅलो म्हणत नाही. "थिजलं गं परत," एवढंच म्हणतो आणि मी हातातला घास ताटात ठेवते. मागून मामीचा आवाज येतो, "तिला जेवू तरी दे."

मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक. देवरुखजवळच्या गावात राहतो आणि गेली सहा वर्षं आजोळचा कुलवृत्तांत लिहितोय. त्याचा लॅपटॉप २०१५ चा : पेंटियम एन३५४० प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे वायर निघाली की सगळं बंद. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मामाचा त्यात कुठेच बसत नाही. चालती वस्तू भंगारात काढणं आमच्या घराण्यात नाही. भाऊबीजेला आई मामाकडे जाते, मी तिची ड्रायव्हर. त्या दिवशी फराळ होईपर्यंत मी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम) टाकून दिलं, मराठी कीबोर्ड लावून दिला आणि पुण्याला परत आले. चौथ्या दिवशी पहिला फोन.

माझं शिक्षण बी.कॉम. हे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही दबणार नाही. यातलं बहुतेक मी महिनाभर मामाशी फोनवर बोलत, चुका करत शिकले. कमांड देवनागरीत लिहिल्यात, कारण मामाला त्या मी अशाच अक्षर-अक्षर सांगितल्या. टाइप करताना अर्थात इंग्रजी आणि लहान अक्षरं. जिथे मोठी हवीत तिथे तसं सांगितलंय.

आधी फाइली बाहेर

काहीही दुरुस्त करायच्या आधी कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर काढा. लॅपटॉप नीट सुरूच राहत नसेल तर ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं त्याच्यावरूनच तो सुरू करा. इन्स्टॉल न करता तसंच मिंट चालतं, त्याला लाइव्ह म्हणतात. तिथून हार्ड डिस्क उघडता येते आणि फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेता येतात. मी हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही आणि मामाची सातव्या पिढीची दोन पानं गेली. त्यानंतर लिबर ऑफिसच्या सेटिंगमध्ये 'लोड/सेव्ह' मध्ये जाऊन आपोआप जतन करायचं अंतर दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणलं. मामाने दोन दिवस त्या पानांचा विषय काढला नाही. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मेलंय नक्की कोण?

'हँग झाला' हे आजाराचं नाव नाही. 'बरं वाटत नाही' याला जेवढा अर्थ तेवढाच याला. माउस हलत नाही म्हणजे यंत्र मेलं असं नसतं. कधी फक्त पडदा अडकलेला असतो आणि आत सगळं धडधाकट चालू असतं. हे ओळखायला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात. वायर उपटायचा मोह तेवढा वेळ आवरायचा.

माउसचा बाण हलतो का बघा. बाण हलतोय पण क्लिक केल्यावर काही होत नाही, तर बहुतेक वेळा फक्त डेस्कटॉप रुसलेला असतो. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकदम दाबलं की डेस्कटॉप तेवढा नव्याने सुरू होतो आणि उघडलेल्या फाइली शाबूत राहतात.

बाणही हलत नसेल तर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे? मग आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो जिवंत आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारेल. तिथे 'टॉप' (टी-ओ-पी) टाइप केलं की कोण किती रॅम आणि प्रोसेसर खातंय ते दिसतं. परत चित्रांच्या जगात यायला कंट्रोल, ऑल्ट, एफ७. कॅप्सचा दिवा हूं की चूं करत नसेल तर मात्र प्रकरण खोलवरचं आहे.

मग हार्ड डिस्कचा दिवा. जुन्या लॅपटॉपना तो असतो, मामाच्या आहे. तो सतत पेटून राहिला असेल तर यंत्र मेलेलं नाही, ते कामाखाली दबलंय. विझलेला असेल आणि कॅप्सही मेला असेल, तर पूर्ण थिजलंय.

आवाजाकडेही लक्ष द्या. कीर्तन चालू असताना चित्र थांबलं पण बुवा गातच राहिले, तर संशय ग्राफिक्सवर. शेवटचं अक्षर तत्तत्तत् असं एकाच जागी घुमायला लागलं तर सगळंच थांबलंय.

पूर्ण थिजल्यावर बंद कसं करायचं? वायर उपटून नाही. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन (काही लॅपटॉपवर सोबत एफएन) दाबून धरा आणि एकेक सेकंद थांबत एस, यू, बी दाबा. एस म्हणजे लिहायचं राहिलेलं डिस्कवर लिही, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, बी म्हणजे रीस्टार्ट. इंटरनेटवर सहा अक्षरांचा लांब मंत्र सापडतो, पण मिंटमध्ये मुळात परवानगी या तिघांनाच असते. यालाही दाद दिली नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. दाद दिली की नाही हेही लक्षात ठेवा, ती निदानाला लागणारी माहिती आहे.

वही

पहिल्या आठवड्यात मी गाढवपणा केला. एका रविवारी इंटरनेटवर बघून बघून मामाला कर्नलच्या चार सेटिंग एकदम लावायला सांगितल्या. दोन दिवस लॅपटॉप थिजला नाही. चारांपैकी कुठल्या सेटिंगने गुण आला, की कुठल्याच नाही आणि नुसतं नशीब, ते कळायला मार्ग नाही. तिसऱ्या दिवशी परत थिजला. मग मी सगळ्यात निरुपयोगी गोष्ट केली : पेनड्राइव्ह मामाकडे होताच, त्याच्याकडून पुन्हा पहिल्यापासून मिंट टाकून घेतलं. एक अख्खा दिवस गेला आणि लॅपटॉप संध्याकाळी थिजला. तीच सिस्टीम पुन्हा टाकून फायदा तेव्हाच होतो जेव्हा पहिल्यांदा टाकताना काही बिघडलं असेल, म्हणजे डाउनलोड अर्धवट किंवा पेनड्राइव्ह खराब. ते तपासायला डाउनलोड केलेल्या फाइलचा शा-२५६ आकडा (फाइलीचा अंगठ्याचा ठसाच) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळवून बघायचा. माझा जुळत होता. हे मी आधी बघितलं असतं तर मामाचा तो दिवस वाचला असता.

सोमवारी मामाला म्हटलं, "मामा, तू आता वही घाल." छत्तीस वर्षं हजेरीपट भरलेल्या माणसाला यापेक्षा आवडतं काम दुसरं नसेल. त्याने दोनशे पानी वहीत पट्टीने रकाने आखले : तारीख, वेळ, काय चालू होतं, डिस्कचा दिवा, कॅप्सचा दिवा, आवाज, कशाने सुरू झालं. लाइट गेल्यामुळे बंद पडलं तर ती नोंद लाल शाईने वेगळी, कारण बॅटरीशिवायच्या लॅपटॉपला लाइट जाणं आणि थिजणं यांत घोळ व्हायला नको.

चार दिवसांनी त्याने मला पान वाचून दाखवलं. दोन नोंदी जशाच्या तशा देते.

"सोमवार, रात्री ९.१०. यूट्यूबवर कीर्तन, शिवाय दोन पेपर, शिवाय तुझा मेल. डिस्कचा दिवा सतत. कॅप्स लागला, पण मी दहा मोजेपर्यंत नाही."

"मंगळवार, सकाळी ७.४०. काही चालू नव्हते. गोविंदाचे वडील विठ्ठल की विनायक, याचा विचार करत होतो. दिवा विझलेला. कॅप्स मृत. एसयूबी निष्फळ."

मी एक आजार शोधत होते. वहीत दोन होते.

पहिला आजार : जागा पुरत नाही

दिवा सतत पेटलेला, सगळं अतिशय हळू, पण जीव आहे. ही रॅमची टंचाई. रॅम म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा समजा. ओट्यावर जागा संपली की सिस्टीम काही भांडी माळ्यावर टाकते आणि लागली की काढते. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला शंभरेक नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून दहाएक मिलिसेकंद, म्हणजे साधारण लाखपट. ब्राउझरमध्ये चार टॅब आणि व्हिडिओ उघडला की सिस्टीमचा सगळा वेळ शिडीवर चढण्या-उतरण्यात जातो, आणि आपण म्हणतो हँग झालं.

खात्री करायची तर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून 'फ्री डॅश एच' (एफ-आर-ई-ई, मोकळी जागा, वजाचं चिन्ह, एच) टाइप करा. 'अव्हेलेबल' खालचा आकडा दोन-तीनशे एमबीवर आला असेल आणि स्वॅपच्या (माळ्यावर टाकलेल्या भांड्यांच्या) ओळीतला वापर वाढत असेल तर निदान पक्कं.

उपाय स्वस्तापासून महागाकडे. आधी एकावेळी उघडे टॅब कमी. हे मामाला पटलं, कारण त्याचं म्हणणंच आहे की एका वेळी एकच पेपर वाचावा. मग 'अर्लीऊम' नावाचा छोटा प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका (ई-ए-आर-एल-वाय-ओ-ओ-एम). रॅम पार संपायच्या आधीच तो सगळ्यात खादाड प्रोग्राम बंद करतो. एखादा टॅब पडतो, पण लॅपटॉप उभा राहतो. मिंट टाकताना मी सिनॅमन आवृत्ती घेतली होती. चार जीबीला एक्सएफसीई घ्यायला हवी होती, ती हलकी आहे. तो उपाय मी नंतरसाठी ठेवला, कारण एका वेळी एकच बदल.

खरा उपाय रॅम वाढवणं. इथे एक सूचना. २०१३ ते १५ च्या सुमाराच्या अशा छोट्या प्रोसेसरना डीडीआर३एल रॅम लागते, शेवटचा 'एल' महत्त्वाचा. ती १.३५ व्होल्टवर चालते, साधी डीडीआर३ दीड व्होल्टची. मामा एसटीने जाऊन दुकानातून रॅमची काठी घेऊन आला आणि ती खाचेत बसेना. दुकानदाराने डीडीआर४ दिली होती. लॅपटॉपच्या डीडीआर३ ला २०४ पिना असतात आणि डीडीआर४ ला २६०, खाचही वेगळ्या जागी. जोर लावून बसत नाही आणि लावूही नये. जुनी काठी काढून दुकानात सोबत न्या, म्हणजे दुसरी एसटी वाचते. मामाच्या लॅपटॉपला एकच खाच आहे आणि प्रोसेसर आठ जीबीच्या वर घेत नाही, म्हणून आठची एक काठी आणली. खोलायच्या आधी वायर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबा. काठी तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा टक् आवाज यायला हवा. मामाला तो फोनवरून मला ऐकवायचा होता, ऐकवला.

फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी (न फिरणारी, चिपची डिस्क) बसवली तरी या आजारात मोठा फरक पडतो. पण ती घ्यायच्या आधी जुनी डिस्क मरणपंथाला तर नाही ना, हे बघा. मिंटच्या मेनूत 'डिस्क्स' नावाचं साधन आहे. डिस्क निवडून वरच्या तीन टिंबांच्या मेनूत 'स्मार्ट डेटा' उघडा. 'रिअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी शून्य असाव्यात. पेंडिंगचा आकडा वाढत चाललाय, तर बाकी सगळं सोडा आणि डिस्क बदला. मामाचे दोन्ही शून्य.

आठ जीबी आल्यावर वहीतल्या पेटलेल्या दिव्याच्या नोंदी थांबल्या. विझलेल्या दिव्याच्या चालू राहिल्या.

दुसरा आजार : विचार करताना थिजणं

नवी रॅम आल्यावर थिजलं तर आधी नव्या रॅमवरच संशय घ्यायचा. 'मेमटेस्ट८६ प्लस' हा फुकटचा प्रोग्राम वेगळ्या पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. सहाव्या आवृत्तीपासून तो नव्या यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेला, लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) लॅपटॉपवरही चालतो, काही ठिकाणी सेटिंगमधलं सिक्युअर बूट तेवढं बंद करावं लागतं. रात्रभर चालू द्या. एकही चूक दिसली तर काठी काढून पुसून पुन्हा बसवा. पुन्हा दिसली तर दुकानात परत. मामीने रात्री दोनदा उठून बघितलं की त्या आकड्यांनी काही पेट तर घेत नाही ना. सकाळी चुका शून्य.

मग लाइव्ह चाचणी. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून हार्ड डिस्कला हातही न लावता लॅपटॉप तसाच ठेवला. पाऊण तासात थिजला. याने दोन गोष्टी बाद झाल्या : हार्ड डिस्क आणि आपण केलेलं इन्स्टॉलेशन. तुमचा लॅपटॉप लाइव्हवर दिवसभर छान चालला आणि डिस्कवरच्या सिस्टीमवर थिजला, तर उलट निष्कर्ष काढा आणि डिस्ककडे किंवा त्या सिस्टीममधल्या सेटिंगकडे बघा.

तिसरी जागा म्हणजे सिस्टीमची स्वतःची रोजनिशी. थिजल्यावर पुन्हा सुरू करून टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल' (जे-ओ-यू-आर-एन-ए-एल-सी-टी-एल), जागा, वजा बी, जागा, वजा एक, जागा, वजा ई. म्हणजे मागच्या वेळची रोजनिशी शेवटापासून दाखव. शेवटच्या वीस-तीस ओळी वाचा. 'आय/ओ एरर' असं डिस्कच्या नावाने दिसलं तर डिस्क किंवा तिची केबल. 'जीपीयू हँग' किंवा 'नूव्हो' वारंवार दिसलं तर ग्राफिक्स. 'आउट ऑफ मेमरी' म्हणजे ओटा-माळा. 'हार्डवेअर एरर' म्हणजे प्रोसेसर, रॅम किंवा उष्णता. मामाची रोजनिशी ७.३९ ला एक किरकोळ ओळ लिहून संपलेली. पुढे काहीच नाही, तक्रारसुद्धा नाही. लिहिणाराच बसल्या जागी गेल्यासारखी.

एवढ्यात वहीकडे पुन्हा बघितलं तर मला आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. मामा टाइप करत असताना लॅपटॉप एकदाही थिजला नव्हता. अपडेट चालू असताना नाही, पाचशे फोटो कॉपी होत असताना नाही. थिजायचा तेव्हा 'विचार करत होतो', 'चहा घेत होतो', 'मामीने हाक मारली'. म्हणजे यंत्रावर काम नसताना.

प्रोसेसर रिकामा बसला की झोपतो, वीज वाचवायला. झोपेच्या पायऱ्या असतात. सी१ ही डुलकी, सी६ वगैरे गाढ. एन३५४० हा इंटेलच्या बे ट्रेल कुळातला. या कुळातले सेलेरॉन आणि पेंटियम लिनक्सवर गाढ झोपेतून उठताना थिजतात, ही तक्रार खूप जुनी आणि पुष्कळांची आहे. त्यावर जुनाच उपाय म्हणजे त्याला गाढ झोपूच द्यायचं नाही. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे वामकुक्षी चालेल, घोरणं नको."

आधी तात्पुरतं करून बघायचं. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं चिन्ह दिसलं की एस्केप दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा), म्हणजे ग्रबचा (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू येतो. पहिल्या ओळीवर असताना ई दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश' असेल. त्यापुढे एक जागा सोडून हे लिहा : आय-एन-टी-ई-एल, अंडरस्कोर, आय-डी-एल-ई, टिंब, एम-ए-एक्स, अंडरस्कोर, सी-एस-टी-ए-टी-ई, बरोबरचं चिन्ह, एक. मध्ये कुठेही मोकळी जागा नाही. मग एफ१०. इथे चुकलं तरी भिऊ नका, हा बदल त्या एका सुरुवातीपुरताच असतो. लागू झाला का हे बघायला टर्मिनलमध्ये 'कॅट', जागा, स्लॅश पी-आर-ओ-सी, स्लॅश सी-एम-डी-एल-आय-एन-ई. ओळीत तुमचं लिखाण दिसलं पाहिजे. मामाने पहिल्यांदा अंडरस्कोरच्या जागी वजा टाकला होता, ते इथेच कळलं.

किती दिवस थांबायचं? वहीतलं न थिजता गेलेलं सगळ्यात लांब अंतर बघा आणि त्याच्या तिप्पट थांबा. मामाचं तीन दिवसांचं होतं, म्हणून नऊ दिवस. तोवर दुसरा कुठलाही बदल नाही, अपडेटसुद्धा नाही. मध्ये लॅपटॉप बंद केला तर पुढच्या वेळी ती ओळ पुन्हा लिहावी लागते. मामा ती रोज सकाळी पूजा झाल्यावर लिहायचा.

नऊ दिवस गेल्यावर कायमचं केलं. 'सूडो नॅनो' (एस-यू-डी-ओ, जागा, एन-ए-एन-ओ), जागा, स्लॅश ईटीसी, स्लॅश डिफॉल्ट, स्लॅश ग्रब. ईटीसी म्हणजे ई-टी-सी ही तीनच अक्षरं. उघडलेल्या फाइलीत जी ओळ मोठ्या अक्षरांत 'ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डिफॉल्ट' अशी आहे, तिच्या अवतरणचिन्हांच्या आत, 'स्प्लॅश' नंतर तेच लिहायचं. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग 'सूडो', जागा, 'अपडेट वजा ग्रब' (या तिघांत मध्ये जागा नाही), आणि हे विसरलात तर वरचं सगळं वाया. किंमत एवढीच की प्रोसेसर गाढ झोपत नसल्यामुळे वीज थोडी जास्त खातो आणि बॅटरी लवकर उतरते. मेलेल्या बॅटरीला त्याचं काय सुखदुःख.

तुमचा लॅपटॉप मामाचा नसेल तर

वेगळं यंत्र, वेगळी खोड. एनव्हिडियाचं ग्राफिक्स असेल तर पहिला संशय 'नूव्हो' या ड्रायव्हरवर. लॉगिन होताच थिजत असेल तर लाइव्हच्या मेनूत 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडा, किंवा वर सांगितल्यासारखं ई दाबून 'नोमोडसेट' (एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी) लिहून आत शिरा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा सुचवलेला ड्रायव्हर टाका. नोमोडसेट कायमचं ठेवू नका, तो कुबडीसारखा असतो. पहिल्या पिढीच्या रायझनलाही रिकामं असताना थिजायची सवय होती; काहींच्या बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असतं, ते 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवतात. काही एनव्हीएमई (वेगवान प्रकारच्या) एसएसडी वीज वाचवायच्या नादात दिसेनाशा होतात आणि मग रोजनिशीत 'एनव्हीएमई' आणि 'टाइमआउट' सोबत दिसतं. तिथे आधी एसएसडीचं फर्मवेअर अपडेट बघा.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर अनेकदा कर्नल जुना पडतो. मिंट २२ सोबत ६.८ कर्नल येतो, २२.२ सोबत ६.१४. अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' मध्ये दुसरा निवडता येतो आणि जुना तसाच राहतो. नवा त्रास देऊ लागला तर ग्रबच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून जुन्यावर परत या. त्याआधी टाइमशिफ्टमध्ये (सिस्टीम जशी आहे तशी जपून ठेवायचं साधन) एक स्नॅपशॉट घ्या.

उन्हाळ्यातच थिजतो, किंवा व्हिडिओ चालू केल्यावर दहा मिनिटांनीच? 'सेन्सर्स' ही कमांड तापमान दाखवते. नव्वदच्या पुढे जात असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. पंख्यात धुळीची गादी असेल, ती काढा. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांना मी काही सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे.

विंडोज ११ टाकल्यावर थिजत असेल तरी विचार तोच : आधी वही. 'रिलायबिलिटी मॉनिटर' उघडला की कुठल्या दिवशी काय पडलं ते तारखेवार दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, आणि ते बटण तुम्हीच दाबलेलं असतं. ग्राफिक्सचा आणि चिपसेटचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या, सेफ मोडमध्ये थिजतो का बघा. जुन्या विंडोजवरून अपग्रेड केलं असेल तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधल्या 'रिकव्हरी' मधून मागे जाता येतं.

बायोस अपडेट मात्र शेवटी. तो चालू असताना वीज गेली तर लॅपटॉप कायमचा जाऊ शकतो. मेलेली बॅटरी आणि आमच्या आजोळची लाइट, या दोघांच्या भरवशावर मी तो कधीच केला नसता.

मामाने वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ती कर्नलची ओळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलीय, कारण उद्या मिंट पुन्हा टाकलं तर ती पुन्हा लिहावी लागेल. वहीची उरलेली पानं त्याने कुलवृत्तांताच्या टिपणांना घेतली. परवा मामीचा फोन आला, लॅपटॉपबद्दलच. "आता ते थिजत नाही ना, तर हेही उठत नाहीत. जेवणं थंड होतात. जरा काहीतरी कर."